आरमध्ये गटवार हिशेब: वाचकांची प्रश्नोत्तरे

(आर ही आकडेवारीसाठीची प्रोग्रामिंग भाषा. फंक्शनांची नावं इथं देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना अर्थातच रोमन.)

म्हापसा, मडगाव आणि पणजीच्या बाजारात रोज किती किलो मासळी आली याची नोंद माझ्याकडे आहे. प्रत्येक बाजारात बांगड्याचा वाटा किती, हे हवं होतं. समराइज वापरलं तर बांगडाच गायब, बाजाराची नुसती बेरीज उरली. – म्हापसा

समराइज गटाची एक ओळ करतं, त्याचं कामच ते. तुम्हाला हवंय म्यूटेट, ते ओळी तशाच ठेवून नवा रकाना जोडतं. समजा म्हापशात एका दिवशी बांगडा १२० किलो, सुंगटं ६० आणि इसवण २०. बाजार आणि तारीख यांवर ग्रुप बाय करा, मग म्यूटेटमध्ये लिहा: वाटा = किलो भागिले सम(किलो). सम त्या गटापुरता, म्हणजे २०० येतो आणि तिन्ही ओळींसमोर ०.६, ०.३, ०.१ असे आकडे बसतात. ओळी होत्या तेवढ्याच राहतात. मी आधी आणि नंतर एनरो चालवून ओळी मोजतो. संख्या बदलली की पुढं जात नाही.

शेवटी अनग्रुप करा. नाहीतर तासाभरानं ‘सगळ्या गोव्याची’ टक्केवारी काढायला जाल आणि ती गुपचूप बाजारवार निघेल. ग्रुप बाय, म्यूटेट ही डीप्लायर या पॅकेजमधली (आरला वरून जोडायच्या फंक्शनांच्या संचातली) फंक्शनं. त्याच्या १.१.० आवृत्तीपासून (२०२३) म्यूटेटमध्येच डॉट-बाय लिहून गट देता येतात. मग गट कोडच्या त्या एका ओळीपुरताच असतो आणि विसरायला काही उरत नाही.

ट्रॉलरच्या मासळीत मागच्या महिन्यापेक्षा किती फरक पडला ते लॅगने काढलं. ऑगस्टचा आकडा अवाच्या सवा येतो. – वास्को

तुमच्या ऑगस्टचा ‘मागचा महिना’ मे आहे! १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी, त्यामुळे त्या दोन महिन्यांच्या ओळीच तुमच्या तक्त्यात नाहीत. लॅगला कॅलेंडर कळत नाही, ते फक्त वरची ओळ बघतं. टायडीआर पॅकेजमधल्या कम्प्लीटने प्रत्येक बंदरासाठी बाराही महिने भरून घ्या; जून-जुलैत एनए (आकडा नाही, अशी खूण) येईल आणि ऑगस्टचा फरकही एनए. तेच बरोबर आहे. तिथं शून्य भरायचं की नाही हे तुम्ही ठरवा, मी भरणार नाही.

आणखी दोन गोष्टी. लॅगच्या आधी अरेंजने महिने क्रमानं लावा, तेही आकड्यांत. महिन्यांची नावं इंग्रजी अक्षरांत असतील तर एप्रिलमागून थेट ऑगस्ट येतो. आणि डीप्लायर लोड नसेल तर आरचं स्वतःचं लॅग चालतं. ते टाइम सिरीजसाठी आहे, साध्या रकान्यातले आकडे जागचे हलवतच नाही. चूकही दाखवत नाही, ही खरी पंचाईत.

शाळेच्या कॉम्प्युटरवर इंटरनेट नाही, पॅकेज घालता येत नाही. इयत्तेच्या सरासरीपासून प्रत्येक मुलाचे गुण किती दूर, ते कसं काढू? – फोंडा

पॅकेज लागतच नाही. आरसोबतच ‘एव्ह’ हे गटवार हिशेबाचं फंक्शन येतं, बिचाऱ्याकडे कुणी बघत नाही. त्याच्या कंसात क्रमानं गुण, मग इयत्ता, मग फन = तुमचं फंक्शन. ‘फन =’ हे शब्द गाळू नका; गाळलेत तर आर तुमच्या फंक्शनलाच आणखी एक गट समजतं आणि एरर देतं. फंक्शनात मीन (सरासरी) वजा करा, एसडीने (प्रमाण विचलनाने) भागा. ४०, ५०, ६० गुण असतील तर उणे १, ०, १ मिळेल. एखादा मुलगा गैरहजर असेल तर मीन आणि एसडी दोन्हींत एनए-डॉट-आरएम = ट्रू लिहा, नाहीतर त्या एकापायी अख्ख्या इयत्तेला एनए. इयत्तेत एकच मूल असेल तर एनए येणारच, एका आकड्याचा एसडी निघत नाही.

ग्रुप बाय करूनही बाराही तालुक्यांना पावसाची एकच सरासरी येते. – वाळपई

डीप्लायरनंतर प्लायर हे जुनं पॅकेज लोड केलंय का, बघा. प्लायरचं म्यूटेट डीप्लायरच्या म्यूटेटवर बसतं आणि ते गट जुमानत नाही. आर बंद करून पुन्हा उघडा, आणि प्लायर काढूनच टाका.