मिनिटांचं नको, कामाचं बोल

प्रिय कोच मॅडम,

हसू नकोस, आता या नावाची सवय करून घे.

तुझा तो लांबलचक व्हॉइस मेसेज ऐकला. बास्केटबॉल टीमच्या बारा पोरी, इंटरकॉलेज तोंडावर आलंय, प्रत्येकीला वाटतंय मीच जास्त खेळायला पाहिजे, आणि तू रोज रात्री वही घेऊन खेळायची मिनिटं वाटत बसतेस, हिला अठरा तिला बारा, कुणाला राग नको यायला. ती वही आधी मिट बघू. मिनिटं म्हणजे पंगतीतली जिलबी नव्हे सगळ्यांना दोन-दोन वाढायला. दहा मिनिटांचे चार क्वार्टर, पाच जणी कोर्टवर, म्हणजे सगळी मिळून 200 मिनिटं, ती कशीही वाटलीस तरी कुणीतरी रुसणारच. एनबीएत, म्हणजे अमेरिकेतल्या प्रो लीगमध्ये, मॅच 48 मिनिटांची म्हणजे 240 मिनिटं असतात, वर कोट्यवधी रुपये मिळतात, तरी तिथेही तोंडं वाकडी होतातच. आणि मिनिटांचा शब्द द्यायचा तर ती तुझ्या हातात कुठे असतात? पहिल्या क्वार्टरला तुझ्या सेंटरला, म्हणजे रिंगखालच्या उंच पोरीला, दोन फाउल पडले की तिला बसवावं लागतं आणि सगळं गणित बोंबललं. शब्द द्यायचा तर कामाचा दे.

एनबीएमधली 2014-15 ची गोल्डन स्टेट टीम बघ. आंद्रे इग्वोडाला, त्याआधी करिअरमधल्या 758 च्या 758 मॅचेस स्टार्टर म्हणून, म्हणजे सुरुवातीच्या पाचात, खेळलेला, ऑल-स्टार झालेला, ऑलिम्पिक गोल्ड घेतलेला माणूस, आणि स्टीव्ह कर, ज्याने तोवर कुठे हेड कोच म्हणून एक मॅच केली नव्हती, तो येऊन याला बेंचवर बसवतो आणि हॅरिसन बार्न्सला स्टार्ट देतो. कारण सांगता येण्यासारखं होतं, बार्न्स स्टार्टर्सबरोबर जास्त खुलत होता आणि दुसऱ्या फळीला बॉल हातात घेऊन डोकं शांत ठेवणारा कुणीतरी हवा होता. मनातून आवडलं असेल नसेल, पण इग्वोडाला त्या सीझनच्या 77 मॅचेस बेंचवरूनच खेळला. डेव्हिड लीचं तर अजून वाईट, त्या वर्षी टीममध्ये सगळ्यात जास्त पगार त्याचा, सुरुवातीलाच मांडीचा स्नायू दुखावला, त्याच्या जागी ड्रेमंड ग्रीन उतरला आणि ती जागा लीला परत मिळालीच नाही. पण फायनलच्या तिसऱ्या मॅचला टीम रखडली तेव्हा याच लीला उतरवलं आणि तो आला तो तयारीतच आला.

पुढची गोष्ट तुला बहुतेक माहितीये, तरी सांगतो. फायनलमध्ये क्लीव्हलँड 2-1 ने पुढे. निक यूरेन नावाचा स्टाफमधला एक तरुण पोरगा रात्री आदल्या वर्षीच्या फायनलचे व्हिडिओ बघत बसला होता, त्यात त्याला दिसलं की सॅन अँटोनियोचा कोच पोपोविच याने मायामीसमोर टिआगो स्प्लिटरला बसवून बोरिस डिआवला स्टार्ट दिला होता आणि तिथून सगळं पालटलं होतं. त्याने वर कळवलं, आणि चौथ्या मॅचला सात फुटी अँड्र्यू बोगट बाहेर, इग्वोडाला आत. 103-82 ने जिंकले, मग सिरीज 4-2 ने, आणि फायनलचा एमव्हीपी, म्हणजे सर्वोत्तम खेळाडू, इग्वोडाला, त्या चौथ्या मॅचआधी अख्ख्या सीझनमध्ये एकदाही स्टार्ट न केलेला माणूस!

लोक इग्वोडालाचंच कौतुक करतात. मला यात बोगट जास्त महत्त्वाचा वाटतो. वर्षभर स्टार्टर, आणि ऐन फायनलमध्ये बसायची वेळ, तरी टीम फुटली नाही. तुझ्याकडे बोगट कोण आहे ते तुला चांगलं ठाऊक आहे. तीन वर्षं स्टार्ट करणारी तुझी फायनल इयरची सेंटर, जिचे पाय आता जड पडतात असं तूच म्हणालीस. तिला हे स्पर्धेच्या दिवशी लाइनअप वाचताना कळलं तर ड्रेसिंग रूम गेली तुझी, आत्ताच सांग. आणि तिला ‘तू आता कमी खेळशील’ असलं काही बोलू नकोस. सांग की समोर उंच टीम आली की पहिली तू, फास्ट टीम आली की आपण कमी उंचीची लाइनअप लावणार, तेव्हा तू दुसऱ्या क्वार्टरला येऊन रिबाउंड (चुकलेल्या शॉटचा बॉल पकडणं) आणि स्क्रीन (आडवं उभं राहून समोरच्यांची वाट अडवणं) बघायचे. प्रॅक्टिसनंतर बॉल गोळा करताना वगैरे बाजूला घेऊन बोल, सगळ्यांसमोर नको, आणि व्हॉट्सॲपवर तर अजिबात नको.

आता एक ताकीद. तू म्हणालीस की प्लेऑफमध्ये, म्हणजे सीझननंतरच्या बाद फेऱ्यांत, एनबीएचे कोच दहा जणांचं रोटेशन आठवर आणतात, म्हणून मीही आठच खेळवणार. अगं पण ते का आणतात ते बघ ना. रेग्युलर सीझनला 82 मॅचेस, त्यात लागोपाठ दोन रात्री खेळायचं, तेव्हा मोठी बेंच लागतेच, आणि प्लेऑफमध्ये दोन मॅचेसच्या मध्ये निदान एक दिवस मिळतो म्हणून स्टार्टर चाळीस मिनिटं खेळू शकतो. शिवाय एकाच टीमशी सातपर्यंत मॅचेस असतात, डिफेन्सला कच्चा असलेला प्लेअर समोरच्यांनी हेरला की प्रत्येक वेळी त्याच्याच अंगावर बॉल आणतात, मग कोचला त्याला उचलावंच लागतं. तुझी स्पर्धा बरोब्बर उलटी आहे, रोज मॅच, कधी सकाळी एक संध्याकाळी एक, टीम दरवेळी वेगळी, वर उन्हातलं सिमेंटचं कोर्ट. आठ पोरींवर सेमीफायनलपर्यंत पोचशील आणि तिथे त्यांचे पाय उचलणार नाहीत. तुला नक्कल करायचीच तर 2013-14 च्या स्पर्सची, म्हणजे त्याच पोपोविचच्या सॅन अँटोनियोची, कर, त्या सीझनला त्यांच्या एकाही प्लेअरची सरासरी तीस मिनिटांवर गेली नव्हती, 62 मॅचेस जिंकले आणि चॅम्पियनही झाले.

उलटं उदाहरण 2025 च्या न्यूयॉर्कचं. टॉम थिबोडो स्टार्टर्सना पिळून घेणारा कोच, त्या सीझनला मॅचमागे सगळ्यात जास्त मिनिटं खेळणारा जॉश हार्ट त्याचाच, आणि मिकाल ब्रिजेसने तर मार्चमध्येच उघड बोलून दाखवलं की बेंचवरची पोरं चांगली आहेत, त्यांना खेळवा. कॉन्फरन्स फायनलला, म्हणजे सेमीफायनललाच, इंडियानाशी घरच्या दोन्ही मॅचेस हरल्यावर तिसऱ्या मॅचला त्याने हार्टला बसवून मिचेल रॉबिन्सनला स्टार्ट दिला, लँड्री शॅमेट आणि डेलॉन राइटला आत आणलं, ती मॅच जिंकलेही. पण समोर इंडियानाचा कोच रिक कार्लाइल वर्षभर नऊ-दहा जण खेळवत आलेला. सिरीज 4-2 ने गेली आणि थिबोडोची नोकरीही. माझं मत विचारशील तर ती दोन पोरं चुकीची नव्हती, उशिरा आठवली एवढंच.

म्हणून या उरलेल्या प्रॅक्टिस मॅचेसमध्ये नववी आणि दहावी पोरगी खरोखर खेळव, मॅच हातात असताना शेवटची दोन मिनिटं टाकल्यासारखी नको. स्टार्टर्सपैकी तिघींबरोबर उतरव म्हणजे तुलाही कळेल ती कुणाबरोबर चालते. 2023 ला मायामीचा डंकन रॉबिन्सन, पाच वर्षांचा मोठा करार असलेला शूटर, सीझनचा बराच काळ रोटेशनबाहेर होता, मग पहिल्याच प्लेऑफ मॅचला टायलर हिरोचा हात मोडला, आणि हाच रॉबिन्सन आत आला, आठव्या म्हणजे शेवटच्या सीडची ती टीम थेट फायनलपर्यंत गेली.

आणि एक बारीक गोष्ट. आपल्याकडच्या नियमाने सब म्हणजे बदली खेळाडू म्हणून आत यायला पोरीने स्वतः टेबलपाशी जाऊन सांगायचं असतं, तू बेंचवरून ओरडून काही होत नाही. तेव्हा बेंचवर जॅकेट घालून, लेस सोडून बसायचं नाही. पहिल्या क्वार्टरच्या शेवटी दोन मिनिटं राहिली की तुझ्या पॉइंट गार्डला, म्हणजे बॉल वर आणणाऱ्या पोरीला, बाहेर काढ, मधला ब्रेक धरून तिला चांगला दम खाता येतो आणि खेळाची मिनिटं फारशी जात नाहीत. त्या वेळी तिच्या जागी कोण उतरणार हे मॅचच्या आधी ठरलेलं हवं, आणि त्या उतरणाऱ्या पोरीला एकच काम सांग, त्यांच्या गार्डला बॉल सुखाने वर आणू द्यायचा नाही, तुझे शॉट नाही पडले तरी चालेल. हे शेवटचं वाक्य नक्की म्हण. बेंचवरून आलेली पोर दोन शॉट चुकले की तुझ्याकडे बघायला लागते, मग डिफेन्सही सुटतो.

शनिवारच्या मॅचची स्कोअरशीट फोटो काढून पाठव, आणि कुठल्या पाच जणी कधी एकत्र होत्या आणि तेव्हा स्कोअर किती होता ते कुणाला तरी बाजूला लिहायला लाव. बाराव्या पोरीला दे ते काम, ती गणितात हुशार आहे म्हणालीस ना.

तुझा,
सर

ता. क. सगळ्यांचे बोनाफाईड आणि आयडीच्या झेरॉक्स याच आठवड्यात घेऊन ठेव. एनबीएतसुद्धा टू-वे करारावरचा (मुख्य टीम आणि खालच्या लीगची टीम, दोन्हींत खेळणारा) प्लेअर रेग्युलर करार केल्याशिवाय प्लेऑफ खेळू शकत नाही, आणि आपल्या टेबलवरचे लोक त्यांच्यापेक्षा कडक असतात.