हापशीचं पाणी आणि ओकिनावाचा अर्ज

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र दोनदा वाचलं. एम.एस्सी. रसायनशास्त्राचं पहिलं वर्ष, कॉलेज तालुक्याच्या गावी, प्रयोगशाळेत एकच कलरीमीटर, आणि जायचं आहे जपानमधल्या ओकिनावा विज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठात. ‘माझ्यासारखीला घेतात का?’ असं विचारलंस. घेतात. गुण बघतात, पण तेवढ्यावर निवड होत नाही. एखादा प्रश्न हाती धरून तू स्वतः कुठवर गेलीस, हे त्यांना पाहायचं असतं. त्यासाठी लागणारं सामान तुझ्या तालुक्यात आहे.

आधी ते ठिकाण नीट समजून घे. ओकिनावा बेटावरच्या ओन्ना गावात, समुद्राकाठच्या टेकडीवर हे विद्यापीठ आहे. जपानच्या संसदेनं 2009 मध्ये त्यासाठी खास कायदा केला, आणि सप्टेंबर 2012 मध्ये 18 देशांतल्या 34 विद्यार्थ्यांची पहिली तुकडी दाखल झाली. त्याआधीच्या संस्थेचे अध्यक्ष होते नोबेलविजेते सिडनी ब्रेनर. तिथे बी.एस्सी. नाही, एम.एस्सी. नाही, फक्त पाच वर्षांची पीएच.डी., आणि तीही इंग्रजीतून. मुख्य म्हणजे तिथे विभागच नाहीत. रसायनशास्त्राची इमारत वेगळी आणि जीवशास्त्राची वेगळी, असा प्रकार नाही. प्रत्येक प्राध्यापकाचं एक संशोधन युनिट असतं, आणि चेतापेशींवर काम करणाऱ्याच्या शेजारी द्रवांच्या प्रवाहाचं गणित मांडणारा बसलेला असतो.

आपल्याकडे पीएच.डी. म्हटलं की पेट ही प्रवेशपरीक्षा, मग जागा रिकामी असलेला गाइड, मग विषय, मग आरआरसी या विद्यापीठाच्या संशोधन समितीसमोर सिनॉप्सिस. तिथे क्रम उलटा आहे. प्रवेश मिळतो तो विद्यापीठात, कोणा एका प्राध्यापकाकडे नाही. पहिल्या वर्षी अभ्यासक्रमाबरोबर तीन वेगवेगळ्या युनिटांत एकेक सत्र काम करायचं. याला लॅब रोटेशन म्हणतात. तिन्हींपैकी किमान एक युनिट स्वतःच्या विषयाबाहेरचं असावं लागतं. मार्गदर्शक आणि विषय त्यानंतर ठरतात. म्हणून अर्जात ‘मला अमुक सरांकडे अमुक विषयावरच करायचं आहे’ असा हट्ट धरू नकोस. आवडलेल्या तीन-चार युनिटांची नावं कारणासकट लिही, त्यांतलं एक तरी रसायनशास्त्राबाहेरचं असू दे.

आता कामाचं. तुमच्या भागात, यवतमाळच्या पट्ट्यात, भूजलातलं फ्लोराइड हा जुना प्रश्न आहे. पिवळे-तपकिरी डाग पडलेले दात तू रोज पाहतेस. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे 1 मिलिग्रॅम फ्लोराइड चालतं, दुसरा स्रोतच नसेल तर 1.5 पर्यंत. पण ‘आमच्या गावचं फ्लोराइड मोजलं’ हे झालं प्रॅक्टिकल. प्रश्न असा धर: पाण्यात कॅल्शियम भरपूर असलं तर फ्लोराइड त्याच्याशी जुळून कॅल्शियम फ्लोराइड बनतं आणि खाली बसतं. कॅल्शियम कमी आणि बायकार्बोनेट जास्त असलं तर ते विरघळलेलंच राहतं. तर मग तुमच्या शिवारात ज्या बोअरला फ्लोराइड जास्त, तिथे कॅल्शियम कमी आहे का? आणि पावसाळ्यानंतर हे नातं तसंच राहतं का? एवढा एक प्रश्न सात महिन्यांना पुरे.

सहा ठिकाणं निवड: तीन हापशा किंवा बोअर, तीन उघड्या विहिरी. एकदा मे महिन्यात, पाणी सगळ्यात खोल गेलेलं असताना, आणि एकदा ऑक्टोबरमध्ये, पाऊस परतल्यावर नमुने घे. बाटली प्लास्टिकची घे, काचेची नको, कारण फ्लोराइड काचेला लागतं. हापशी पाच मिनिटं चालू दे, त्याच पाण्यानं बाटली तीनदा विसळ, मग भर. बाटलीवर तारीख, वेळ, ठिकाण आणि पाण्याचं तापमान तिथल्या तिथे लिही. ग्रामपंचायतीनं विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकली असेल तर त्या आठवड्यात नमुना घेऊ नकोस. क्लोरीननं पुढच्या चाचणीतला रंग बिघडतो. क्लोरीन घालवायला पुस्तकात सोडियम आर्सेनाइट सांगितलेलं असतं. ते विष आहे, त्याच्या वाटेला जाऊ नकोस.

मोजणीला स्पॅड्न्स पद्धत घे, म्हणजे रंगावरून फ्लोराइड मोजायची, 570 नॅनोमीटरवर, किंवा तुमच्या कलरीमीटरच्या त्याच्या सगळ्यात जवळच्या फिल्टरवर. 50 मिलि नमुन्यात 10 मिलि झिर्कोनिल-स्पॅड्न्स आम्ल अभिकर्मक. इथे एक गोष्ट मुलांना हमखास चकवते: फ्लोराइड वाढलं की रंग उतरतो. म्हणजे सगळ्यात गडद लाल असतो तो कोरा, फ्लोराइड नसलेला नमुना, आणि आलेख खाली जातो. तो पाहून घाबरून आकडे उलटे लिहू नकोस.

प्रमाणित द्रावणाला 0.221 ग्रॅम कोरडं सोडियम फ्लोराइड एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात घातलं की लिटरला 100 मिलिग्रॅम फ्लोराइड होतं. पण तुमचा तराजू दोनच दशांश दाखवत असेल तर 0.221 त्याच्यावर तोलणं म्हणजे अंदाजपंचे. त्यापेक्षा 2.21 ग्रॅम घे. लिटरला 1000 होईल, मग त्यातले 10 मिलि घेऊन पुन्हा एक लिटर कर. आलं 10. त्याचे 1, 2, 3 असे 7 मिलिपर्यंत घेऊन प्रत्येक वेळी 50 मिलि केलंस की 0.2 पासून 1.4 पर्यंतची सात द्रावणं तयार. पिपेट तोंडानं ओढायचं नाही, सोडियम फ्लोराइडही विषारी आहे. नमुन्याचं उत्तर 1.4 च्या पुढे गेलं तर आलेखाची रेघ पुढे ओढू नकोस. नमुना निम्मा पातळ कर आणि पुन्हा मोज.

सगळ्यात मोठा घोटाळा तापमानाचा. हा रंग तापमानाप्रमाणे बदलतो. मे महिन्यात तुमच्या प्रयोगशाळेत दुपारी 42-43 अंश होतं, पंखा असून नसल्यासारखा. प्रमाणित द्रावणं सकाळी मोजलीस आणि नमुने दुपारी, तर चूक फ्लोराइडची की उन्हाची, हे कुणालाच सांगता येणार नाही. सगळ्या बाटल्या एकाच घमेल्यातल्या पाण्यात अर्धा तास ठेव, थर्मामीटर बुडवून आकडा लिही, आणि सगळं एकाच बैठकीत संपव. शक्यतो सकाळी आठच्या आत.

प्रत्येक नमुना दोनदा मोज. शिवाय एका नमुन्यात स्वतःच्या हातानं लिटरला 0.4 मिलिग्रॅम होईल इतकं फ्लोराइड घाल. आकडा 0.4 नं वाढला तर तुझी पद्धत या पाण्यात चालते, 0.25 नंच वाढला तर पाण्यातलं काहीतरी आड येतंय, ते शोध. कॅल्शियम मोज ईडीटीएच्या टायट्रेशननं, म्युरेक्साइड हा रंगदर्शक वापरून. बायकार्बोनेट आम्लाच्या टायट्रेशननं. हे दोन्ही तुझ्या हातात बसलेलं आहे. ऑक्टोबरच्या फेरीत एक-दोन नमुने भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेतही दे. त्यांचा आणि तुझा आकडा शेजारी-शेजारी लिही, जुळो की न जुळो. एखादी हापशी 1.5 च्या वर निघाली तर त्यांचा अहवाल घेऊन सरपंचांना लेखी कळव. ते पाणी लोक आज पीत आहेत.

नोंदवही बांधीव घे, सुट्टे कागद नकोत. चुकलेल्या आकड्यावर एक रेघ, बाजूला कारण. व्हाइटनर कधीच नाही.

अर्जासोबतच्या उद्देशपत्रात हेच सगळं येणार आहे. ‘मला लहानपणापासून विज्ञानाची आवड आहे’ हे वाक्य हजार अर्जांत असतं आणि वाचणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही. समज, तुझं असं निघालं: सहापैकी चार ठिकाणी कॅल्शियम कमी तिथे फ्लोराइड जास्त, पण दोन विहिरींनी दगा दिला. तर त्या दोन विहिरींवरच परिच्छेद लिही. तुला काय वाटलं होतं, काय निघालं, तुझा संशय कशावर आहे, आणि चांगलं उपकरण मिळालं तर पुढे काय तपासशील. मुलं न जुळलेले आकडे लपवतात. निवड समितीला नेमकं तेच वाचायचं असतं.

शिफारसपत्रांसाठी दोन शिक्षक लागतील. आपल्याकडची पत्रं बहुधा ‘विद्यार्थिनी मेहनती असून वर्तणूक चांगली आहे’ एवढ्यावर संपतात. दोष सरांचा नाही, त्यांना तपशील कुणी देत नाही. तू एक पान लिहून दे: कोणत्या महिन्यात काय केलं, कुठे अडलं, सरांनी काय सुचवलं, मग काय बदललं. पत्र मात्र त्यांनीच लिहायचं. ‘तूच लिहून आण, मी सही करतो’ म्हणाले तर नम्रपणे नाही म्हण. अर्ज भरला की लिंक थेट सरांच्या ई-मेलवर जाते. ती स्पॅममध्ये पडते, आणि सर मेल पंधरा दिवसांतून एकदा उघडतात. कॉलेजचा अधिकृत ई-मेल असेल तर तोच दे. तारखेचंही बघ: गेली काही वर्षं मुदत नोव्हेंबरच्या मध्यात संपते. दरवर्षीची तारीख तू स्वतः संकेतस्थळावर पाहा. पण नोव्हेंबर म्हणजे दिवाळीच्या सुट्ट्या, सर गावी, आणि तुझ्या घरी सोयाबीन उरकून कापूस वेचणीची धांदल. म्हणून सरांची पत्रं दसऱ्याच्या आसपास जातील असं बघ.

कागदपत्रांत नावाचा घोळ सगळ्यात जास्त रडवतो. मार्कशीटवर आडनाव आधी, मग तुझं नाव, मग वडिलांचं, पासपोर्टवर वेगळं. त्यात आपल्या विदर्भात ‘वानखडे’, ‘वाघमारे’ यांतला ‘वा’ एका कागदावर डब्ल्यूनं आणि दुसऱ्यावर व्हीनं लिहिलेला. दहावीची सनद, आधार आणि पदवीच्या मार्कशीटा आजच समोर मांड, एकेक अक्षर जुळव, फरक असेल तर आधी तो दुरुस्त कर आणि मगच पासपोर्टला अर्ज कर. साध्या 36 पानी पासपोर्टचं शुल्क 1500 रुपये आहे, आणि पोस्टातल्या सेवा केंद्रातही तारीख मिळते. विद्यापीठाच्या परीक्षा विभागातून ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सगळ्या गुणांचा अधिकृत उतारा, मिळायला कित्येक आठवडे जातात, तो अर्ज जुलैतच टाक.

पैशांचं बाबांना नीट समजावून सांग. या विद्यापीठाच्या अर्जाला शुल्क नाही, आणि निवड झालेल्यांना राहण्या-खाण्यापुरती वृत्ती मिळते. कर्ज काढायचं नाही, वावर गहाण ठेवायचं नाही. ‘प्रवेश करून देतो’ म्हणणाऱ्या एजंटाला एक रुपयाही द्यायचा नाही. त्याच्या हातात काही नसतं.

मुलाखत बहुधा ऑनलाइन, आणि एकापाठोपाठ अनेक प्राध्यापक बोलतात. जपानचं घड्याळ आपल्यापुढे साडेतीन तास आहे; त्यांचे सकाळचे नऊ म्हणजे आपले पहाटेचे साडेपाच. गावातल्या लाइटवर आणि एका सिमवर भरवसा ठेवू नकोस. आदल्या दिवशी अमरावती किंवा नागपूरला नातेवाइकांकडे मुक्कामाला जा, दोन कंपन्यांची सिम ठेव. ते विचारतील: सहाच ठिकाणं का? तुझ्या आकड्यात चूक किती? फ्लोराइड आणि कॅल्शियम दोन्ही तिसऱ्याच कशामुळे बदलत असतील तर? उत्तर माहीत नसेल तर ‘माहीत नाही’ म्हण, आणि लगेच ‘पण शोधायचं झालं तर मी असं करीन’ म्हणून मोठ्यानं विचार करायला लाग. पाठ केलेलं इंग्रजी दोन मिनिटांत उघडं पडतं. आपलं साधं, तुटक इंग्रजी चालतं. रोज रात्री दहा मिनिटं मैत्रिणीला तो आलेख इंग्रजीतून समजावून सांग, तिनं मध्येमध्ये अडवलं पाहिजे.

एकाच दोरीला लटकू नकोस. सौदी अरेबियात तांबड्या समुद्राकाठी थुवाल इथे 2009 मध्ये सुरू झालेलं किंग अब्दुल्ला विज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठही फक्त पदव्युत्तर शिक्षणाचं आहे. तिथे टोफेल किंवा आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा लागते. आपल्याकडे बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि पुण्याची आयसर ही विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था आहे. गेट आणि सीएसआयआर-नेट या दोन्ही राष्ट्रीय परीक्षा दे. नेटमधून जेआरएफ ही संशोधनवृत्ती मिळाली तर जानेवारी 2023 पासून महिना 37,000 रुपये आहेत, वर घरभाडं वेगळं. नागपूरची महाज्योती, पुण्याच्या बार्टी आणि सारथी या राज्य सरकारच्या संस्थांच्या पीएच.डी. अधिछात्रवृत्त्या आहेत, तुझ्या प्रवर्गाला कोणती लागू होते ते बघ.

मेचे नमुने झाले की नोंदवहीच्या पानांचे फोटो पाठव, खाडाखोड आहे तशीच राहू दे. उद्देशपत्राचा पहिला मसुदा पोळ्यापर्यंत माझ्याकडे यायला हवा. मराठीत लिहिलास तरी चालेल, इंग्रजी आपण मागाहून बघू. आणि तो थर्मामीटर आधी बर्फाच्या पाण्यात बुडवून शून्य दाखवतो का, ते तपासून घे.

तुझे,
सर