एवढी शिकलेली, तरी राहुकाळ का पाहते?

"मॅडम, सांगायलाही लाज वाटते..." समुपदेशनाला आलेल्या कुणी अशी सुरुवात केली की पुढचं मला साधारण कळतं. कुणी मांजर आडवं गेलं की थांबतं, कुणी अमावास्येला प्रवास टाळतं. सगळ्यांना विचारायचं असतं एकच: एवढं शिकूनही मी असा कसा?

यात बुद्धीपेक्षा स्वभावाचा भाग मोठा असतो. एक उदाहरण सांगते, ओळखीच्या खुणा बदलून.

पस्तिशीतली बँक अधिकारी. नवऱ्याचा बाइकवरून पडून पाय मोडला आणि घरात कुणीतरी म्हणालं, "राहुकाळात निघाला होता." तेव्हापासून कॅलेंडर पाहिल्याशिवाय ती कुणाला उंबरा ओलांडू देईना. सोमवारचा राहुकाळ साधारण साडेसात ते नऊ. मुलीची स्कूलबस आठची. म्हणून दर सोमवारी ती पोर सव्वासातलाच दप्तर पाठीला लावून गेटपाशी उभी!

राहू खरा की खोटा, या वादात मी शिरलेच नाही. विचारलं, "समजा, ती पावणेआठला निघाली आणि जिन्यात पडली. पहिलं मनात काय येईल?"

"माझ्यामुळे पडली."

"आणि सव्वासातला निघून पडली तर?"

बराच वेळ ती बोलली नाही. मग म्हणाली, "तर... निदान मी माझं केलं होतं."

"लागणार दोन्ही वेळा तेवढंच ना?"

"हो." डोळे भरून आले. "मला दोष माझ्यावर येण्याचीच भीती वाटते हो."

हे तिचं तिला सापडलं, म्हणूनच ते टिकलं. थोरली लेक, लहानपणापासून धाकट्या भावंडांचं काहीही बिघडलं की बोलणी हिला. १९६६ साली मानसशास्त्रज्ञ ज्युलियन रॉटर यांनी मांडलं, की आयुष्याची सूत्रं आपल्या हातात आहेत की बाहेर, याबद्दल माणसांची धारणा वेगवेगळी असते. सूत्रं बाहेर मानणारे अंधश्रद्धेकडे जास्त झुकतात, असं मानलं जातं. मला मात्र दुसरं टोकही वारंवार भेटतं: सगळ्यांचा भार स्वतःवर घेणारी, अनिश्चितता जराही न सोसणारी माणसं.

मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ पद्धत मानते: त्रास देणारा हट्टी विचार शोधायचा आणि तो बदलायचा. "माझ्या माणसांना काही होताच कामा नये" हा हट्ट "होऊ नये अशी माझी फार इच्छा आहे" इथवर आणायला आम्हाला वेळ लागला. मग प्रयोग: राहुकाळात आधी दूध आणायला जायचं, नंतर मुलीला बसच्या वेळेलाच खाली पाठवायचं. धडधड होणारच. ती थांबायची वाट न पाहता निघायचं.

घरच्यांनी अशा माणसाची थट्टा करू नये. आधीच अपराधी वाटणाऱ्याला तो आणखी एक दोष होतो. आणि मोजणं, धुणं, पुन्हापुन्हा तपासणं यात रोज तास जात असतील, तर तो मंत्रचळ (ओसीडी) हा मनाचा आजार असू शकतो. त्यावर उपचार आहेत. मनोविकारतज्ज्ञांना जरूर दाखवा.