सोडत ठीक आहे हो, पॉइंटची रांग अन्यायी आहे

तुम्ही विचारलंय की अमेरिकेत पब्लिक लँडवर हरणाच्या शिकारीचं परमिट सोडतीने देतात, ते खरंच फेअर आहे का, की शेवटी जुन्या लोकांना आणि पैसेवाल्यांनाच मिळतं. मी मूळचा साताऱ्याकडचा, आता कोलोरॅडोत राहतो आणि नऊ वर्षं ड्रॉ भरलाय, त्यामुळे जे लिहितोय ते इथल्या अंगाने लिहितोय.

आधी एक गोष्ट सांगतो कारण आपल्याकडे 1972 च्या कायद्याने शिकार बंद झाली आणि त्यामुळे हा सगळा प्रकारच आपल्या माणसाला विचित्र वाटतो. इथे जमीन केंद्र सरकारची असली तरी जनावर राज्याच्या ताब्यात असतं, म्हणजे राज्याने ते लोकांच्या वतीने सांभाळायचं. डिसेंबरात हेलिकॉप्टरमधून मोजणी होते, शंभर माद्यांमागे किती नर, किती पिल्लं वगैरे, आणि त्यावरून प्रत्येक युनिटला, म्हणजे शिकारीच्या विभागाला, किती टॅग (एका जनावराचं परमिट) द्यायचे ते ठरतं. 1990 च्या दशकात इथले म्यूल डिअर (इथली हरणाची जात) खूप कमी झाले, म्हणून 1999 पासून कोलोरॅडोत हरणाचा प्रत्येक टॅग ठरावीक संख्येतच मिळतो, दुकानात जाऊन कितीही घ्या असं नाही. टॅग कमी आणि मागणारे जास्त म्हटल्यावर सोडत आलीच, म्हाडाचं घर आणि हे यात तेवढ्यापुरता काही फरक नाही.

पण म्हाडाच्या सोडतीत मागची पाच वर्षं नंबर लागला नाही म्हणून यंदा तुमची चिठ्ठी वर काढत नाहीत, इथे काढतात. कोलोरॅडोत पहिल्या पसंतीचा टॅग नाही लागला की एक प्रेफरन्स पॉइंट मिळतो, आणि पुढच्या वर्षी ज्याच्याकडे जास्त पॉइंट त्याला आधी. ऐकायला किती न्याय्य वाटतं ना, जो थांबला त्याला आधी. मलाही पहिली पाच-सहा वर्षं तसंच वाटायचं.

आता हिशोब करा. एका युनिटमध्ये 50 टॅग आहेत आणि मागणारे 1000 आहेत समजा. आज कोणीच नवीन आलं नाही तरी शेवटच्या माणसाचा नंबर लागायला 20 वर्षं. पण नवीन लोक दरवर्षी येतच असतात, ते त्या हजारांच्या मागे उभे राहतात, मग त्यांना 25, 30, आणि आज जो मुलगा बारा वर्षांचा आहे (इथे मोठ्या जनावराच्या शिकारीचं किमान वय 12) त्याचा नंबर केस पिकल्यावर. याला इथले लोक पॉइंट क्रीप म्हणतात, म्हणजे तुमचा एक पॉइंट वाढतो आणि टॅगला लागणारे पॉइंटही वाढत राहतात, तुम्ही धावताय आणि दोरी पुढे सरकतेय. राज्याने लाखो लोकांना दिलेलं हे वचन आहे आणि ते सगळ्यांना पाळता येणं गणितातच बसत नाही, मला राग याचाच आहे.

दुसऱ्या राज्यांनी वेगवेगळे उपाय केलेत. आयडाहो आणि न्यू मेक्सिकोत पॉइंटच नाहीत, सगळ्यांच्या चिठ्ठ्या एकाच डब्यात. नेवाडात पॉइंटचा वर्ग करतात आणि त्यात एक मिळवतात, म्हणजे 10 पॉइंटवाल्याच्या 101 चिठ्ठ्या आणि नवीन माणसाची एक, पण ती एक तरी डब्यात असते हे महत्त्वाचं. युटात लिमिटेड एंट्रीचे, म्हणजे मोजकेच टॅग असलेल्या युनिटचे, निम्मे टॅग सगळ्यात जास्त पॉइंटवाल्यांना आणि निम्मे सोडतीने. मला विचाराल तर आयडाहोचं सगळ्यात स्वच्छ. दरवर्षी प्रत्येकाला सारखी संधी, मागच्या वर्षीचं ओझं नाही, काल आलेल्या माणसालाही तीच आणि चाळीस वर्षं इथे असलेल्यालाही तीच. लोक म्हणतात मग मी आयुष्यभर भरत राहीन आणि कधीच लागणार नाही, हो, तसं होऊ शकतं, पण रांगेतही होतंय तेच, फक्त तिथे ते आधीपासून ठरलेलं असतं.

बाहेरच्या राज्यातल्यांबद्दल तुम्ही विचारलं नाहीये पण भांडणं सगळ्यात जास्त त्यावरूनच होतात. नॉन-रेसिडेंटला हरणाचा टॅग साधारण दहापट महाग पडतो आणि वाटाही कमी, न्यू मेक्सिकोत तर 84 टक्के टॅग रेसिडेंटना, 10 टक्के जे आउटफिटरबरोबर म्हणजे पैसे देऊन गाइड घेऊन जातात त्यांना आणि उरलेले 6 टक्के स्वतःच्या हिमतीवर येणाऱ्या बाहेरच्यांना. रेसिडेंटला जास्त द्या याला माझा विरोध नाही, तिथला हिवाळा, तिथलं पीक, तिथलं नुकसान तोच सोसतो, आणि 1978 मध्ये मॉन्टानाच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टानेही जास्त फी चालेल असं सांगितलंय. पण गाइड घेतला की वेगळा डबा हे मला पटत नाही, तो सरळ पैशाचा कोटा झाला. आणि वायोमिंगमध्ये तर बाहेरच्याला वाइल्डरनेस भागात, म्हणजे रस्ते नसलेल्या राखीव जंगलात, मोठ्या जनावराची शिकार करायची तर गाइड नाहीतर तिथला रहिवासी सोबत लागतोच. त्याच जंगलात तुम्ही तंबू घेऊन एकटे फिरू शकता, मासे पकडू शकता, अस्वल तेव्हाही भेटतं ना! मग बंदूक खांद्यावर आली की अचानक वाट चुकाल ही काळजी कुठून आली?

पैसेवाल्यांचं म्हणाल तर तुमची शंका खरी आहे, फक्त ते सोडतीत नाही, सोडतीच्या बाहेर होतं. काही टॅग राज्यं लिलावात विकतात, युटाच्या अँटेलोप आयलंडवरच्या एका हरणाच्या टॅगला लाखो डॉलर मिळालेत. त्यातून संवर्धनाला पैसा जातो हे खरंय आणि मी ते हलकं करत नाही. पण संवर्धनाचा मोठा पैसा आधीच सामान्य शिकारी देतोय, लायसनमधून आणि 1937 च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने रायफल आणि काडतुसांवर लागणाऱ्या 11 टक्के करातून. शिवाय मोठ्या जमीनमालकांसाठी टॅगचा वेगळा वाटा असतो, आणि काही ठिकाणी तो विकताही येतो, म्हणजे ज्याची पंधरा वर्षं वाट बघायची तो टॅग एका फोनवर.

आणि टॅग लागला तरी जमिनीवर पोचता आलं पाहिजे. रेल्वे बांधायला 1860 च्या दशकात सरकारने एक आड एक असे मैलभराचे चौकोन कंपन्यांना दिले, त्यामुळे वायोमिंगमध्ये मोठा पट्टा बुद्धिबळाच्या पटासारखा आहे, एक घर खासगी, एक सरकारी. सरकारी घरातून सरकारी घरात जायचं तर कोपऱ्यावरूनच जावं लागतं. 2021 मध्ये मिझुरीचे चार शिकारी तिथल्या एल्क माउंटन भागात असाच एक कोपरा शिडी लावून ओलांडून गेले, खासगी जमिनीला पायसुद्धा लावला नाही, तरी त्यांच्यावर केस झाली. ज्यूरीने सोडलं, मग मालकाने दिवाणी दावा लावला, तोही तो हरला, आणि मार्च 2025 मध्ये दहाव्या सर्किटच्या (काही राज्यं मिळून असलेल्या विभागाच्या) केंद्रीय अपील कोर्टानेही शिकाऱ्यांच्याच बाजूने निकाल दिला. कोलोरॅडोही त्याच सर्किटमध्ये येतं म्हणून ती बातमी मी दोनदा वाचली होती. फेअरनेसचं बोलायचं तर हा निकाल मला पॉइंटच्या कुठल्याही बदलापेक्षा मोठा वाटतो.

आता माझ्यावरच उलटणारी गोष्ट सांगतो. या एप्रिलपर्यंत माझ्याकडे नऊ पॉइंट होते, पॉइंट बंद झाले असते तर ते गेले असते, चांगल्या युनिटच्या तिसऱ्या रायफल सीझनसाठी (रायफलने शिकारीचा तिसरा हंगाम) साठवले होते मी ते. तरी मी बंद करा म्हणत होतो, कारण मुलगी बारा वर्षांची झाली आणि तिचा अर्ज भरायला बसलो तेव्हा तिच्या नावापुढे शून्य दिसला. इथे ग्रुपने अर्ज केला की ग्रुपमध्ये ज्याचे सगळ्यात कमी पॉइंट तेच सगळ्यांचे धरतात, आणि पहिली पसंती लागली की सगळ्यांचे पॉइंट संपतात. म्हणजे बापलेकीने बरोबर जायचं तर बापाची नऊ वर्षं पाण्यात, आणि वेगळं भरायचं तर तिला माझ्या युनिटमध्ये यायला ती कॉलेज संपवून नोकरीला लागलेली असेल.

एप्रिलमध्ये दोघांचा एकत्र अर्ज भरला, फारसं कोणी मागत नाही अशा युनिटचा, मादीचा टॅग. लागला. माझे पॉइंट शून्य झाले, आता आम्ही दोघं सारखे.