ऐकलं, पण कानावरच राहिलं

"ताई, मी रबाळे एमआयडीसीतल्या एका पॅकेजिंग कंपनीत प्रॉडक्शन मॅनेजर आहे. हाताखाली ३२ माणसं. राहायला कासारवडवलीला. साडेआठपर्यंत घरी येतो, व्यसन नाही, रविवार घरातच. तरी बायको म्हणते, 'तुम्ही घरात असून नसल्यासारखे.' गेल्या आठवड्यात सर्वांत जुन्या ऑपरेटरने राजीनामा दिला. म्हणाला, 'साहेब, आईचं डायलिसिस सुरू आहे, पाळी बदलून द्या म्हणून दोनदा सांगितलं होतं.' मला खरंच आठवत नाही. सगळ्यांना वेळ कुठून देऊ?"
– एक वाचक, ठाणे

तुमचं पत्र दुसऱ्यांदा वाचताना 'मला खरंच आठवत नाही' यापाशी मी थांबले. तुम्ही ते लपवलं नाहीत, म्हणून मीही स्पष्ट लिहिते.

वेळ तुम्ही देताच आहात. कमी पडतंय ते लक्ष. ऑपरेटर बोलत होते तेव्हा तुमचा अंगठा बहुतेक फोनवर होता आणि तोंडाने 'हं, बघू' चाललं होतं. त्या 'हं'वर त्यांनी भरवसा ठेवला. डायलिसिस म्हणजे बहुधा आठवड्यातून दोन-तीनदा, दर खेपेला चारेक तास, आणि सोबत घरचं कुणीतरी लागतंच. तुम्ही नाही म्हणाला असतात तर त्यांनी दुसरी सोय पाहिली असती. उत्तरच न मिळालेला माणूस मात्र ताटकळत राहतो, आणि हळूहळू स्वतःलाच बिनमोलाचा समजायला लागतो.

'गेम्बा', म्हणजे प्रत्यक्ष काम चालतं ती जागा, हा जपानी शब्द तुमच्या कामात ऐकला असेलच. टोयोटाचे ताइची ओनो कारखान्यात खडूने वर्तुळ काढून इंजिनिअरला त्यात तासन्‌तास उभं करायचे, नुसतं बघायला. तुम्हाला दहा मिनिटं पुरतील. पाळी बदलताना फोन ड्रॉवरमध्ये ठेवून लाइनवर जा. जे कुणी सांगेल ते परतल्यावर वहीत लिहा.

माझे वडील वागळे इस्टेटमध्ये फोरमन होते. घरी आले की पाय धुवायचे, मग चहाचा कप घेऊन आम्हा बहिणींपैकी एकीकडे वळून बसायचे. जेमतेम पाव तास. बोलायचे कमीच. पण माझं मैत्रिणीशी झालेलं भांडण त्यांना चार दिवसांनी आठवायचं, 'मिटलं का गं?' म्हणून विचारायचे. तो पाव तास मला अजून पुरतो आहे.

रबाळे ते ठाणे लोकलमध्ये आणि पुढे घोडबंदर रोडच्या कोंडीत फोन संपवायला भरपूर अवधी मिळतो. तरी उरलेच, तर इमारतीखाली उभं राहून संपवा आणि मग वर जा. मशीन बंद पडलं तर फोन घ्यावाच लागेल, मला कळतं ते. तेव्हा 'वीस मिनिटं कामाचं आहे' असं बायकोला सांगून उठा, आणि परत येऊन विचारा, 'काय सांगत होतीस?' सुरुवातीला ती काही बोलणारही नाही कदाचित. इतकी वर्षं सांगून थकली आहे ती. तरी तिच्याशेजारी भाजी निवडत बसा.

ऑपरेटर अजून नोटीस पीरियडवर असतील, तर उद्याच भेटा. केबिनमध्ये बोलावू नका, त्यांच्या मशीनपाशी जा. 'तुम्ही सांगितलं होतंत, मी लक्ष दिलं नाही, माझं चुकलं' एवढं म्हणा. राजीनामा मागे घ्या, हे त्याच दमात नको. आईंचं डायलिसिस कोणत्या वारी असतं, सोबत कोण जातं, ते विचारा आणि त्यांचं सांगून होईपर्यंत तिथून हलू नका.