मूठ बदलली, लॉट बदलला आणि पिस्तूल अडायला लागलं

प्रश्न : मी ३६ वर्षांचा, इंदूरला राजेंद्रनगरात राहतो, बँकेत नोकरीला आहे. चार वर्षं २५ मीटर स्टँडर्ड पिस्तूल खेळतोय (पाच-पाच गोळ्यांच्या मालिका, १५०, २० आणि १० सेकंदांच्या टप्प्यांत). माझं पिस्तूल जुनं हेमर्ली २०८, पॉइंट टू टूचं. डिसेंबरात माझ्या पंजाच्या मापाची अक्रोडाची मूठ करवून घेतली. त्याच सुमारास जुनी काडतुसं संपली, म्हणून दुसऱ्या कंपनीची आणली. जानेवारीपासून पन्नास राउंडमध्ये दोन-तीनदा पिस्तूल अडतं. १५० सेकंदांच्या टप्प्यात २०० पैकी १८६-१८८ येतात, १० सेकंदांच्या टप्प्यात १६५ सुद्धा होत नाहीत. रेंजवर कोणी म्हणतं, हाय व्हेलॉसिटी, म्हणजे जास्त वेगाचं काडतूस घे. कोणी म्हणतं, ट्रिगर हलका करून घे. सर, आधी काय करू?

उत्तर : दोन्ही करू नका. तुमच्या पत्रात उत्तर जवळजवळ आलेलंच आहे. मूठ नवी, काडतूस नवं आणि थंडी, अशा तीन गोष्टी एका महिन्यात बदलल्या. आता चौथी बदललीत तर दोष कुठे आहे ते कधीच कळणार नाही.

मी महूला, इंदूरजवळच्या लष्करी छावणीत, वर्षानुवर्षं आर्मरर, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणारा होतो. अडलेलं पिस्तूल घेऊन येणाऱ्याला मी पहिला प्रश्न एकच विचारायचो : शेवटचं नीट चाललं त्यानंतर काय बदललंत? निम्म्याहून जास्त वेळा पाना हातात घ्यावाच लागायचा नाही.

तर जुनी मूठ परत लावा. काडतुसं हीच, आत्ताचीच. पन्नास राउंड मारा आणि प्रत्येक अडकणं वहीत लिहा : कितवा राउंड, काडतूस चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या खाचेत) चढलं नाही, की रिकामी केस (गोळी सुटल्यावर उरणारं काडतुसाचं टरफल) बाहेर पडली नाही. या दोन आजारांची औषधं वेगळी आहेत. चढत नसेल तर मॅगझिन (काडतुसं भरायची पेटी) आणि त्याचे ओठ, म्हणजे काडतूस धरणाऱ्या वरच्या कडा बघायच्या. केस बाहेर पडत नसेल तर एक्स्ट्रॅक्टर (केस ओढून काढणारा आकडा), चेंबरमधली घाण किंवा काडतुसाचा कमी जोर.

माझा संशय मुठीवर आहे. २०८ चं मॅगझिन मुठीतूनच वर जातं. सुताराने तळहाताची टेकण (मुठीच्या तळाशी हात टेकतो तो भाग) एखादा मिलिमीटर जाड ठेवली, तर मॅगझिन शेवटच्या खटक्यापर्यंत बसत नाही. हाताला बसल्यासारखं वाटतं, पण बसलेलं नसतं. मॅगझिनच्या तळाला खडूची पूड लावा, घाला, काढा. लाकडाला खडू लागला तर तेवढीच जागा कानसने घासा. एकदम खोल जाऊ नका. जास्त गेलं तर एम-सीलचा थर देऊन भरता येतं, पण वजनाचा तोल बदलतो.

मुठीचं आणखी एक पाहून घ्या. पिस्तूल रिकामं आहे याची दोनदा खात्री करून डोळे मिटा, हात उचला, डोळे उघडा. साईट (नेम धरायची खूण) सरळ रेषेत दिसली पाहिजे. दरवेळी डावीकडे दिसत असेल तर मूठ वळवावी लागेल, मनगट नाही. ट्रिगरवर बोटाच्या पहिल्या पेराचा मधला भाग यावा आणि बोटाची बाकीची बाजू लाकडाला लागता कामा नये. लागली की घाईच्या मालिकेत ते लाकूडही ओढलं जातं. नियमाचंही ध्यान ठेवा : तळहाताची टेकण मुठीशी ९० अंशांपेक्षा कमी कोनात वर वळलेली चालत नाही, आणि मुठीने मनगटाला आधार दिलेला चालत नाही.

जुन्या मुठीतही अडलं तर मग काडतुसाकडे या. इथे बहुतेक लोक चुकतात. ते कागदावरचा ग्रुप, म्हणजे छिद्रांचा पुंजका, बघून काडतूस निवडतात. अहो, २५ मीटरच्या या निशाणावर दहाचं वर्तुळ ५० मिलिमीटरचं आहे. चांगल्या स्टँडर्ड (साध्या वेगाच्या) काडतुसाचा ग्रुप वाळूच्या पिशवीवर पिस्तूल टेकवून मारला तर त्याच्या निम्म्यात बसतो. तुमचे २० गुण ग्रुपमध्ये गेलेले नाहीत, अडकण्यात आणि अडकेल या भीतीत गेलेत. भीती बसली की माणूस पाचवी गोळी मनाने आधीच सोडून देतो. म्हणून तुमच्या खेळात काडतुसाचा पहिला गुण म्हणजे ते न अडता चाललं पाहिजे. ग्रुप त्यानंतर.

कसं निवडायचं? वेगवेगळ्या तीन लॉटच्या (लॉट म्हणजे एका खेपेत बनलेली काडतुसं) दोन-दोन पेट्या घ्या. पेटीवरचा लॉट नंबर लिहून ठेवा. एकाच कंपनीचे दोन लॉटही सारखे वागत नाहीत. प्रत्येक लॉटचे आधी दहा राउंड नुसते मारा, कारण या शिशाच्या गोळीवर मेणासारखं वंगण असतं आणि आधीच्या कंपनीचं वंगण नळीत असेपर्यंत नवी गोळी खरं बोलत नाही. मग वाळूच्या पिशवीवरून दहा-दहाचे तीन ग्रुप. उरलेले सगळे हातात धरून, १० सेकंदांच्या वेगाने. हा शेवटचा भाग चुकवू नका. पिशवीवर न अडणारं पिस्तूल सैल मनगटात अडतं.

आणि हे सगळं सकाळी आठला करा, दुपारी नाही. इंदूरच्या जानेवारीत पहाटे पारा आठ-दहावर असतो. वंगण घट्ट होतं, काडतुसातल्या दारूचा जोरही किंचित उतरतो, आणि दुपारी छान चाललेलं काडतूस सकाळच्या डिटेलमध्ये (स्पर्धेतल्या सकाळच्या तुकडीत) बोल्ट, म्हणजे मागे-पुढे सरकणारा भाग, पुरता मागे ढकलत नाही. थंडीत पेटी जाकिटाच्या आतल्या खिशात ठेवा. मे महिन्यात मात्र गाडीच्या डिकीत एक तासही नको.

पसंत पडलेला लॉट हंगामभराचा एकदम घ्या. परवान्यावर काडतुसांची संख्या ठरलेली असते, तेव्हा चाचणीचे राउंड आधीच हिशेबात धरा.

हाय व्हेलॉसिटी का नको, तेही सांगतो. पेटीवर स्टँडर्डचा वेग सेकंदाला साधारण ३२०-३३० मीटर लिहिलेला असतो, हाय व्हेलॉसिटीचा ३८० च्या आसपास. तुमच्या पिस्तुलाची स्प्रिंग आणि बोल्ट पहिल्यासाठी घडवलेत. दुसऱ्याने अडकणं कदाचित थांबेल, पण बोल्ट मागे आपटत राहील आणि जुन्या स्विस पिस्तुलाचे भाग मिळवताना डोळ्यांत पाणी येईल. शिवाय नळी जास्त उसळेल. १० सेकंदांत पाच गोळ्या म्हणजे एकीला दोन सेकंद. त्यात साईट परत खाली आणायची की नाही? लंडनला २०१२ साली विजय कुमार यांनी रॅपिड फायरमध्ये रौप्य मिळवलं, ते महूच्याच आर्मी मार्क्समनशिप युनिटमध्ये घडले. त्या खेळात चार सेकंदांत पाच निशाणं मारायची असतात. तिथे उसळणारं पिस्तूल कोण घेईल?

ट्रिगरबद्दल मी हात जोडून सांगतो. नियमाप्रमाणे २५ मीटरला ट्रिगर ओढायला किमान १००० ग्रॅम जोर लागला पाहिजे. नळी उभी धरून तेवढं वजन ट्रिगरला लटकवतात आणि ट्रिगर न सुटता ते उचललं गेलं पाहिजे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका मुलाच्या आग्रहाला बळी पडून मी त्याचा ट्रिगर अगदी काठावर आणून दिला. घरी वजन उचललं. स्पर्धेनंतरच्या तपासणीत तिन्ही वेळा उचललं नाही आणि त्याचे साठही राउंड बाद झाले. चूक माझी होती, वर्ष त्याचं गेलं. तेव्हापासून मी १०५० च्या खाली कोणालाही देत नाही. आतल्या खटक्याला घरी कानस किंवा पॉलिश पेपर लावू नका; स्क्रूने फिरतं तेवढंच फिरवा.

पन्नास राउंडची वही मला नक्की पाठवा.

प्रश्न : मुलगी १५ वर्षांची, १० मीटर एअर पिस्तूल शिकते. पिस्तूल क्लबचं आहे. दुकानदार म्हणतो ४.५० चे महागडे पेलेटच घ्या. घ्यावेत का?

उत्तर : ताई, तो आकडा पेलेटच्या (एअर पिस्तुलाच्या छोट्या गोळीच्या) डोक्याचा मिलिमीटरमधला व्यास आहे, दर्जाचा नाही. एखाद्या नळीला ४.४९ आवडतो, दुसरीला ४.५०. क्लबच्या प्रशिक्षकांना त्या पिस्तुलाला काय चालतं ते विचारा आणि तोच डबा घ्या. दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटरचं आहे. या वयात तिचे गुण हात स्थिर राहण्यातून येतील. पेलेट शिशाचे असतात, म्हणून सरावानंतर पोह्यांच्या प्लेटला हात लावण्याआधी तिला साबणाने हात धुवायला लावा, आणि डबा जेवणाच्या पिशवीत ठेवू देऊ नका.