वाचकांचे प्रश्न : जॉर्डन मायलाटा आणि लाइनमनचं काम

प्रश्न : फिलाडेल्फिया ईगल्सचा लेफ्ट टॅकल (चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला सांभाळणाऱ्या पुढच्या फळीतला, म्हणजे लाइनमनपैकी एक) जॉर्डन मायलाटा एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉल लीगमध्ये, येण्याआधी अमेरिकन फुटबॉल खेळलाच नव्हता म्हणे. मग निवड झाली ती निव्वळ अंगापिंडावर?

उत्तर : निवड झाली ती बऱ्याच अंशी अंगापिंडावर आणि त्या अंगाला असलेल्या चपळाईवर. मायलाटाचा जन्म 1997चा, सिडनीतला. घरचे मूळ सामोआचे. तो रग्बी लीग खेळत वाढला आणि साउथ सिडनी रॅबिटोजच्या 20 वर्षांखालील संघापर्यंत पोचला. उंची 6 फूट 8 इंच, वजन दीडशे किलोंच्या पुढे, आणि तरी पळायला हलका. परदेशी खेळाडूंसाठी एनएफएल चालवत असलेल्या प्रशिक्षण उपक्रमात तो फ्लोरिडात शिकला. 2018च्या ड्राफ्टमध्ये (संघ पाळीपाळीनं नवे खेळाडू निवडतात त्यात) ईगल्सनं त्याला शेवटच्या, म्हणजे सातव्या फेरीत 233व्या क्रमांकावर घेतलं.

पहिले दोन हंगाम तो लीगचा एकही सामना खेळला नाही. पाठीचं दुखणं होतंच. पण जेफ स्टाउटलंड यांच्यासारख्या लाइनच्या जाणत्या प्रशिक्षकाकडे शिकायला वेळ मिळाला, हे आमच्या मते त्याचं भाग्य. 2020मध्ये आधीचे टॅकल जखमी झाले आणि तो मैदानात उतरला. 2021मध्ये पहिल्या फेरीतून आलेल्या आंद्रे डिलार्डला मागे टाकून त्यानं जागा पक्की केली. त्याच वर्षी 4 वर्षांचा 6.4 कोटी डॉलरचा करार झाला, आणि फेब्रुवारी 2025मध्ये सुपर बोलचं, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्याचं, विजेतेपदही मिळालं.

प्रश्न : रग्बीच्या खेळाडूला इथे नेमकं काय नव्यानं शिकावं लागतं?

उत्तर : जवळजवळ सगळंच. रग्बीत चेंडू हातात नसलेल्याला अडवलं की दंड होतो. इथे लाइनमनचं कामच ते. शिवाय पास टाकायचा असेल तेव्हा हे काम मागे सरकत करायचं असतं.

लेफ्ट टॅकल डाव्या टोकाला उभा राहतो. उजव्या हातानं फेकणाऱ्या क्वार्टरबॅकची पाठ त्याच बाजूला असते, त्यामुळे तिकडून येणारा हल्ला त्याला दिसत नाही. चाल सुरू होऊन चेंडू निघताच टॅकल डावा पाय मागे आणि किंचित बाहेर टाकतो, उजवा त्यामागे जमिनीलगत सरकवतो. पाय एकमेकांना चिकटू द्यायचे नाहीत, ओलांडू तर मुळीच द्यायचे नाहीत. फार बाहेर सरकला, तर प्रतिस्पर्धी आतून शिरतो, आणि क्वार्टरबॅककडे जाणारी सर्वांत जवळची वाट तीच. सरकायला उशीर झाला, तर तो बाहेरून वळसा घालून जातो.

हात छातीवर, खांद्यांच्या आत लागायला हवेत, कोपरं अंगालगत. घाईनं हात टाकले की समोरचा ते झटकतो आणि टॅकलचा तोल पुढे जातो. हात बाहेरच्या बाजूला गेले आणि जर्सी ओढली गेली, तर होल्डिंगचा 10 यार्डांचा दंड. उंच माणसाची खरी परीक्षा सरळ छातीवर येणाऱ्या धडकेत असते : गुडघे न वाकवता कंबरेतून वाकला, तर ताकद असूनही मागे ढकलला जातो. चेंडू निघण्याआधी हलला, तर 5 यार्ड गेले.

प्रश्न : लाइनमनच्या नावावर ना धावा, ना टचडाउन. चांगला कोण, हे ओळखायचं कसं?

उत्तर : सामना पाहताना पहिले तीन सेकंद चेंडूवरची नजर काढा. 50 ते 79 मधला नंबर असलेला एक लाइनमन निवडा (मायलाटाचा 68) आणि त्याचे पाय पाहा. त्याच्यासमोरचा प्रतिस्पर्धी क्वार्टरबॅकपर्यंत न पोचता बाजूनं लांब गेला, तर काम चोख झालं. टॅकलच्या चुकीनं किती सॅक झाले (म्हणजे क्वार्टरबॅक चेंडूसकट पाडला गेला), याचे आकडे वाचताना जपून : एनएफएल असा वैयक्तिक अधिकृत आकडा ठेवत नाही. क्वार्टरबॅकनं चेंडू फार वेळ धरून ठेवला, तरी विश्लेषक कधीकधी दोष टॅकलच्या माथी मारतात.

प्रश्न : निवृत्तीनंतर या वजनाचं काय होतं?

उत्तर : अनेक जण ते उतरवतात. क्लीव्हलँड ब्राउन्सचा जो थॉमस सलग 10,363 स्नॅप, म्हणजे चाली, खेळला. 2018मध्ये निवृत्त झाल्यावर तो पाहता पाहता सडपातळ झाला. भूक नसताना खाऊन टिकवलेलं वजन ते जेवण थांबलं की कमी होऊ लागतं. सवय तशीच राहिली आणि सराव मात्र थांबला, तर भार गुडघ्यांवर आणि हृदयावर पडतो.